आमच्या घरात असलं कुणाला न्हवतं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, देवापुढंही नाही — देवापुढं उभा राहिलो की मी दुसरंच काहीतरी बोलत बसतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर नसतं सांगितलं. एवढं मी स्वतःला ओळखून आहे.

आधी मी कोण ते सांगतो, आणि त्यात थोडी बढाई मारतो. चालेल ना? बेळगावला लागून असलेल्या शहापुरात आमचे आठ माग आहेत, साड्यांचे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन हातमागांवर सुरुवात केली आणि मी आठ यंत्रमागांपर्यंत आणलं. आमच्या साडीचा काठ उलटा करून बघा, एक सुटा धागा सापडला तर सांगा. गिऱ्हाइकाशी मी कधी खोटं बोललेलो नाही. रंग जाणार असेल तर जाणार म्हणून सांगतो आणि मगच साडी घडी घालून हातात देतो. गल्लीत भांडण लागलं की लोक मला बोलावतात, अण्णा सांगेल ते खरं म्हणतात. आणि मला याचा अभिमान आहे. होता असं नाही म्हणत मी — आहे. म्हणूनच तर हे इतकी वर्षं —

थांबा. पोरीपासून सुरू करतो.

माझी मुलगी गार्गी तेव्हा चार वर्षांची होती. उन्हाळ्याची सुट्टी आजोळी घालवून आली होती — आजोळ निपाणीजवळचं बोरगाव. आल्यावर दोन-तीन दिवसांतच सुरू झालं. नऊला झोपली आणि साडेदहाच्या सुमाराला ताडकन उठून बसली, किंचाळत. डोळे टक्क उघडे. आमच्याकडं बघतेय, पण बघत नाहीये. बायको सुनंदा तिला जवळ घ्यायला गेली तर तिलाच लाथा मारायला लागली, जणू ही आई नव्हे, कुणी भलतंच आहे. अंग घामानं भिजलेलं, छाती धडधडत होती. आठ-दहा मिनिटं चाललं असेल. मग आपोआप आडवी झाली आणि गाढ झोपली. सकाळी उठून चपाती-साखर मागितली. रात्रीचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

आठवड्यातून तीन-चार वेळा होऊ लागलं. तुमच्या घरात असं लेकरू असेल तर तुम्हाला सांगायला नको, नसेल तर सांगून कळणार नाही. सुनंदा तिला गदागदा हलवून जागी करायची. आप्पा तोंडावर पाणी मारायला लावायचे. त्यानं ती आणखीच पिसाळायची. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, अंगारा झाला, दंडाला ताईत झाला.

आणि मी? मी पहिल्याच रात्री ओळखलं होतं. घरात ते ओळखणारा मी एकटाच होतो. कसं ओळखलं — ते येईलच. पण आधी मामींबद्दल सांगायला पाहिजे.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला मामीच म्हणतात. बोरगावात त्या बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला बिडी दिसायची, ती वळताना दिसायची नाही. नवरा लवकर गेला, त्यांनी या सुपावर दोन मुली वाढवल्या, शिकवल्या, लग्नं करून दिली. कुणापुढं हात पसरला नाही. गल्लीत सगळ्यात भरभर वळणारी बाई म्हणून त्यांचं नाव होतं आणि ते त्या स्वतःच सांगायच्या. मला ते आवडायचं. मी हाताचं काम करणारा माणूस, मला दुसऱ्याच्या हातातलं काम कळतं. एवढ्या वर्षांच्या सरावाची ऐट काय असते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. हे लक्षात ठेवा. मला कळत होतं.

आप्पांना मात्र ते सूप पहिल्यापासून खुपायचं. सोयरीक केली, पण बिडीवाल्याचं घर हे शब्द त्यांच्या तोंडी कायम राहिले. गार्गीचं सुरू झालं तसं त्यांनी निदान करून टाकलं — पोरगी महिनाभर तंबाखूच्या वासात झोपली, तो वास डोक्यात चढलाय. वर आणखी, तिथलंच काहीतरी मागं लागून आलंय. त्यात खोटं वाटण्यासारखं त्यांना काहीच नव्हतं. बोरगावला जायच्या आधी पोरगी चांगली होती, आल्यावर असं झालं. आता वाटतं, साधी गोष्ट होती. महिनाभर उशिरापर्यंत जागरण, दुपारची झोप नाही, तीन बसा बदलून उन्हातला प्रवास. लेकरू दमलं होतं. पण दमण्यावर कोण विश्वास ठेवतं?

आता ते सांगतो, जे मला ठाऊक होतं.

मला स्वतःला ते व्हायचं. अगदी असंच. चौथ्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंत. मला त्यातलं काही आठवत नाही, कुणालाच आठवत नसतं. मला आठवते ती फक्त आक्का. माझी मोठी बहीण, सहा वर्षांनी मोठी. कधी मधेच जाग आली तर ती पायथ्याशी बसलेली असायची, केस सुटलेले, पेंगत. बाकी सगळं मला तिनंच नंतर सांगितलं — मी कसा ओरडायचो, कसा भिंतीवर जाऊन आदळायचो. आई आम्हा दोघांना मागच्या खोलीत झोपवायची. आप्पा पुढं मागावर रात्रपाळीला असायचे, आणि मागांच्या खडखडाटात माझं ओरडणं त्यांना कधी ऐकूच गेलं नाही. आईनं ते त्यांना कळू दिलं नाही. मुलगा भित्रा निघाला असं आप्पा म्हणतील, याची तिला भीती होती. आई गेली तोवर ही गोष्ट तिघांच्यात राहिली. ती गेल्यावर दोघांच्यात.

म्हणजे माझ्या लेकीचं हे दुखणं बोरगावाहून आलं नव्हतं. ते याच घरात होतं. माझ्यातून आलं होतं. पहिल्या रात्री तिचे ते उघडे डोळे बघून मला कळलं आणि मी काय केलं? मी काही बोललो नाही. ठीक आहे, त्या रात्री गडबड होती. दुसऱ्या दिवशी तर गडबड नव्हती ना?

पण मला कबुली द्यायची आहे ती गप्प बसण्याची नाही. गप्प बसण्यावर भागलं असतं तर एवढ्या वर्षांनी कशाला सांगत बसलो असतो?

आम्ही तिला बेळगावात बालरोगतज्ज्ञांकडं नेलं. डॉक्टरीणबाई कानडी, पण मराठी छान समजावून बोलायच्या. आप्पा हट्टानं बरोबर आले होते, माझ्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसलेले. गार्गी रडायला लागली म्हणून सुनंदा तिला घेऊन बाहेर गेली. तेव्हा बाईंनी विचारलं की हे पुष्कळदा घराण्यात असतं, आई-वडिलांपैकी कुणाला लहानपणी होत होतं का?

साधा प्रश्न. वहीत लिहायला विचारलेला.

मी म्हटलं, "न्हाय. आमच्या घरात असलं कुणाला न्हवतं."

आणि ते मी मोठ्यानं म्हटलं. का मोठ्यानं? आप्पांना ऐकू जावं म्हणून. चाळीस वर्षं मागांपाशी काढून आप्पांचे कान गेले होते, शेजारी बसूनही ओरडून बोलल्याशिवाय त्यांना ऐकू यायचं नाही. कळतंय का तुम्हाला, मी काय सांगतोय ते? मी खरं बोललो असतो — हळू आवाजात, बाईंना ऐकू जाईल एवढंच — तर आप्पांना कळलंही नसतं. बाईंच्या वहीत लिहिलं गेलं असतं आणि संपलं असतं. आप्पांच्या भीतीनं खोटं बोललो असं म्हणायला मला जागाच नाही. मी त्यांना ऐकवायला बोललो.

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. पुढं म्हटलं की हिच्या आजोळी बिडीचं काम असतं, तिथून आल्यापासून सुरू झालंय. बाई म्हणाल्या, तंबाखूची धूळ लहान मुलांना चांगली नाही, छातीला त्रास होतो, पण याचा त्याच्याशी संबंध नाही. हे झोपेतलं आहे. मूल वाढलं की जातं. जागं करू नका, धरून ठेवू नका, लागणार नाही एवढं बघा. वेळेवर झोपवा, दमू देऊ नका. आणि रोज ठरलेल्या वेळेला होत असेल तर त्याच्या थोडं आधी हलकेच उठवून परत झोपवून बघा.

बाहेर आल्यावर आप्पांनी विचारलं, तंबाखूचं काय म्हणाली रं ती? मी म्हटलं, चांगली न्हाय म्हणाल्या. शब्द तर खरे होते. माझ्यासारखा काटेकोर माणूस, खोटं बोलतानाही शब्द खरे वापरणार.

त्या संध्याकाळी आप्पांनी सुनंदाला सांगितलं की त्या घरात तंबाखू आहे तोवर पोरगी बोरगावला जाणार नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी सुताच्या कांड्या भरत होतो, भरत राहिलो. ती आत गेली आणि तिनं आईला फोन लावला. काय बोलली ते मी ऐकलं नाही. ऐकू येईल अशा ठिकाणी उभाच राहिलो नाही.

आता अभिमानाची गोष्ट सांगतो. ती पण खरी आहे, ती का वगळू?

गार्गीला मी बरं केलं. मीच. रोज साडेआठला दिवा बंद, घरात टीव्ही बंद, दुपारी तासभर झोप — त्यासाठी शाळेतून मी स्वतः आणायचो, माग सोडून. आणि रात्री सव्वादहाला तिला हळूच उचलायचं, मोरीपर्यंत न्यायचं, पाणी पाजायचं, परत झोपवायचं. चार महिने एक दिवस चुकवला नाही. लग्नाला गेलो तर जेवण टाकून परत आलो. तरीही एखाद्या रात्री झालंच, तर मी पायथ्याशी बसायचो. हात लावायचा नाही, दिवा लावायचा नाही, नाव घ्यायचं ते हळू, एकाच चालीत. भिंत आणि ती यांच्यामध्ये उशी. सुनंदा सुरुवातीला घाबरायची, मग माझं बघून शिकली. आधी चारदाचं दोनदा झालं, मग महिन्यातून एकदा, मग बंद.

गल्लीत गवगवा झाला. बाप असावा तर असा, असं लोक माझ्या तोंडावर म्हणायचे. वडगावपासून बायका पोरं कडेवर घेऊन विचारायला यायच्या. पुरुष असून हे कुठं शिकलात अण्णा, म्हणायच्या. मी म्हणायचो, लक्ष दिलं की कळतं. छाती फुगायची माझी, खोटं कशाला सांगू? आठ मागांनी जी फुगली नव्हती ती यानं फुगली. पण शिकलो कुठं? आक्काकडं. दहा-बारा वर्षांची पोर, तिला ना डॉक्टरनं सांगितलं होतं ना कुणी शिकवलं होतं. तिनं आपलं आपण शोधून काढलं होतं की याला ओरडायच्या आधी लघवीला उठवलं की रात्र सरळ जाते.

आक्का खानापूरकडं दिली आहे. त्या वर्षी गणपतीला आली होती. मी सव्वादहाला गार्गीला उचलताना तिनं दारातून बघितलं.

"हे तर मी तुला करत होते रं," ती म्हणाली. "सुनंदाला सांगितलंस का न्हाय?"

"हळू बोल आक्का."

ती एवढा वेळ माझ्याकडं बघत राहिली की मलाच नजर काढून घ्यावी लागली. मग ती झोपायला गेली. त्यानंतर आजतागायत तिनं तो विषय काढला नाही. तिनं मला लहानपणीही लपवलं आणि मोठेपणीही लपवलं. लहानपणी मी मागितलं नव्हतं.

आणि मामी?

फोन झाल्यावर पंधरा दिवसांत मामी शहापूरला आल्या. एकट्या. मी पुढं मागावर होतो. धुतलेलं पातळ, अंबाडा अजून ओलसर — दोनदा न्हाऊन आले म्हणाल्या, अंगाला वास नको म्हणून. आप्पांपुढं उभ्या राहून त्यांनी सांगितलं की बिड्या सोडल्या. सूप शेजारणीला देऊन टाकलं. घर सारवून काढलं, पान नाही की तंबाखूचा कण नाही घरात. आता नातीला पाठवा. आप्पांना नीट ऐकू गेलं नाही तेव्हा त्यांनी तेच परत, मोठ्यानं सांगितलं.

मी माग बंद केला होता. हातात मागाचा धोटा तसाच होता. चार पावलांवर होतो मी. त्या बाईनं चाळीस वर्षांचं काम, तिची ओळख, ज्याच्यावर ती ताठ मानेनं जगली ते सगळं एका फोनवर टाकून दिलं होतं, आणि ते कशासाठी, तर माझ्या एका वाक्यासाठी. मी एवढं म्हटलं असतं — मामी, यात तुमचं काही नाही, हे माझं आहे — तर त्या संध्याकाळच्या बसनं परत जाऊन सूप मागून आणलं असतं त्यांनी. बोटं होती, पानं होती, काही बिघडलं नव्हतं.

मी त्यांना चहा विचारला.

आप्पा म्हणाले, वर्षभर बघू. वर्षाची दोन वर्षं झाली. दोन सुट्ट्या गार्गी बोरगावला गेली नाही. मामी हात रिकामा ठेवून घरात बसल्या. पुढं त्या कुणाच्या तरी शेतावर तण काढायला, भांगलणीला जायला लागल्या, त्या वयात, गुडघे धरून. सुनंदा मला कधी काही बोलली नाही. बोलणार काय? तिच्या दृष्टीनं मी तिच्या लेकीसाठी जेवण सोडून येणारा नवरा होतो.

मग आप्पा गेले. मी रडलो, आणि बाराव्या दिवसापर्यंत माझ्या मनात येऊन गेलं होतं की आता सांगता येईल. आता तर ऐकणारंच कोणी नाही. कारण म्हणून जे मी धरून बसलो होतो ते गेलं. त्यालाही तीन वर्षं झाली.

गार्गी आता दहा वर्षांची आहे. पाचवीत. भाषणात पहिली येते, स्टेजवर उभी राहिली की माईक हलतो. झोपते ती दगडासारखी. बोरगावला आता सुट्टीभर राहते.

या मे महिन्यात मी तिला आणायला बोरगावला गेलो होतो. दुपारची वेळ. मामींनी शेजारच्या एका पोरसवदा बाईला मुद्दाम बोलावून आणलं. कडेवर तीन वर्षांचा मुलगा. रात्री ओरडतोय, डोळे फिरवतोय, आईला ओळखत नाही — तेच सगळं. माझा जावई डॉक्टरच्या वर आहे, विचार त्याला, असं मामी तिला सांगत होत्या. मला बरं वाटलं. अशा वेळी मला अजूनही बरंच वाटतं. मी तिला सगळं नीट समजावलं. पाणी मारू नका, हलवू नका, वेळ बघून ठेवा, आधी उठवा, एकदा डॉक्टरांना दाखवा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, हे कशानं होतंय ओ?

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण मामी आधी बोलल्या.

"आमच्या पोरीला माझ्या तंबाखूनं व्हायचं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं बिड्या वळल्या मी. या गल्लीत माझा हात धरणारी न्हवती. नातीसाठी एका दिवसात सोडल्या. पुना हात लावला न्हाय, तवा पोरगी बरी झाली."

आणि काय सांगू, त्यांचा चेहरा! मी माझ्या साड्या दाखवताना माझा असतो तसा. इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांचं सगळं मी घेतलं. नाही. त्यांनी माझ्या खोट्यावर दुसरं काहीतरी उभं केलं होतं आणि त्यावर त्या ताठ बसल्या होत्या. आता तुम्ही म्हणाल, मग गप्प राहिलास ते बरंच केलंस. तसं म्हणू नका. त्यांच्यासाठी गप्प राहिलो असं मी म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. कारण मामी बोलत असताना मी त्या पोरसवदा बाईच्या हातांकडं बघत होतो. अंगठ्याची आणि बोटांची टोकं काळपट तपकिरी. तीही बिड्या वळत होती. तिनं ते हात पदराखाली घेतले.

मामी माझ्याकडं वळल्या. "व्हय का न्हाय, पावनं?"

दुपार होती, उजेड होता, आप्पा नव्हते. गार्गी उंबऱ्यात बसून ऐकत होती.

मी म्हटलं, "व्हय."

ती बाई पोराला घेऊन उठली आणि घरी गेली. तिनं घरी जाऊन सुपाचं काय केलं, ते मी अजून विचारलेलं नाही.